आडव्या बाटलीचा कायदा

मतपत्रिकेवर दोनच चित्रे असतात. एक बाटली उभी, दुसरी आडवी. उमेदवाराचे नाव नाही, पक्षाचे चिन्ह नाही. गावातले दारूचे दुकान चालू राहावे असे वाटत असेल तर उभ्या बाटलीला मत, बंद व्हावे असे वाटत असेल तर आडव्या बाटलीला. आयुष्यात शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीलाही ही मतपत्रिका कुणी समजावून सांगावी लागत नाही.

शाळेच्या खोलीत टेबल लागते, मतदार यादीवर खुणा होतात, बोटाला शाई लागते. बाहेर दुकानदाराची माणसे आणि बचतगटाच्या बाया समोरासमोर उभ्या असतात. नवरा, दीर, सासरा यांच्यातले कोण कुठल्या बाजूला आहे ते सगळ्या गावाला ठाऊक असते. पण आडोशामागे गेलेल्या बाईने काय केले ते कुणालाच कळत नाही, आणि या सगळ्या व्यवस्थेचे मोल त्यातच आहे.

महाराष्ट्रात दारूविक्रीबद्दल गावाला असे मत देता येते, ते सरकारने एके दिवशी आपण होऊन दिलेले नाही. त्यामागे सव्वाशे वर्षांहून मोठा खटाटोप आहे आणि त्याचा बराचसा भाग नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात घडला आहे. दुष्काळ, ऊस, मळी, हातभट्टी आणि ग्रामसभा या पाचही गोष्टी एकाच जिल्ह्यात नांदल्या, तेव्हा तो इथे घडावा हे स्वाभाविकच होते.

दारूचा कायदा मुळात सरकार आणि ठेकेदार या दोघांमधला करार होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे आणि विकणे हा सरकारच्या परवानगीचा विषय झाला. दुकान कुठे असावे आणि परवाना कुणाला मिळावा हे सरकार ठरवी, पैसे ठेकेदार भरी. ज्या आळीत ते दुकान उघडे, त्या आळीला विचारण्याची सोय त्या कायद्यात नव्हती. ही उणीव फार लवकर ज्यांच्या लक्षात आली त्यांत जोतीराव फुले होते. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना लेखी हरकत घेतली. एका सदस्याने नगरपालिकेला लिहिलेले ते पत्र. पण दुकान कुठे असावे यावर शहरातल्या माणसाने बोलण्याची परंपरा मराठी मुलखात तिथून मोजायला हरकत नाही. १९०८ मध्ये टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दारूच्या गुत्त्यांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांना परत फिरवले. पत्र आणि निरोधन ही तेव्हाची दोन हत्यारे होती. मत हे तिसरे हत्यार हाती यायला आणखी शतक जावे लागले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने एकदम दुसरे टोक गाठले. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि संपूर्ण दारूबंदी लागू झाली ६ एप्रिल १९५० ला. तो लागू झाल्या झाल्या एका नागरिकाने त्याला न्यायालयात आव्हान दिले. फ्रॅम नसरवानजी बलसारा हे त्यांचे नाव. आपल्याला व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर आणि मद्यार्क असलेली औषधे व यू-डी-कोलोन बाळगता आणि वापरता यावे, अशी त्यांची मागणी होती. २५ मे १९५१ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दारूबंदी राज्याच्या अधिकारात बसते हे न्यायालयाने मान्य केले, मात्र औषधे आणि प्रसाधने यांच्यावर बंदी घालणारी कलमे रद्द ठरवली. आज तो खटला कायद्याचे विद्यार्थी पाठ करतात. दारूबंदीच्या कायद्यातली पहिली मोठी दुरुस्ती एका सामान्य माणसाच्या अर्जाने झाली, ही त्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

त्याच सुमाराला नगर जिल्ह्यात दुसरे एक पर्व सुरू होत होते. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. प्रवरेच्या पाण्यावर ऊस आला, मग कोपरगाव, राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर असा तो पट्टा पसरत गेला. साखर निघाली की मळी उरते आणि मळीपासून स्पिरिट गाळता येते. श्रीरामपूर तालुक्यातल्या टिळकनगरला १९३३ मध्ये साखरेसाठी सुरू झालेली कंपनी पुढे देशभर विकल्या जाणाऱ्या ब्रँडीसाठी ओळखली जाऊ लागली. उत्तरेकडे उसाची मळी आणि दक्षिणेकडे कोरडी जमीन, असा हा जिल्हा. दारू तयार करणे हा इथल्या अनेक घरांचा पगार आहे आणि दारू बंद करणे ही इथल्या अनेक घरांची मागणी आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. या जिल्ह्याबद्दल लिहिणाऱ्याने त्यातली एक झाकून ठेवू नये.

साठच्या दशकात बंदी सैल होत गेली. परवान्यावर पिण्याची मुभा वाढली, पुढे १९७३ च्या नियमांनी देशी दारूच्या विक्रीची रीतसर चौकट आखली. कायद्याचे नाव मात्र दारूबंदीच राहिले. आजही महाराष्ट्रात पिणाऱ्याजवळ पिण्याचा परवाना असावा असे कायदा सांगतो, आणि तो अमलात आणणाऱ्या खात्याचे नाव आहे राज्य उत्पादन शुल्क. एकाच खात्याने महसूलही गोळा करायचा आणि बंदीही राबवायची, ही अडचण कायद्याच्या मुळातच आहे. खेड्यातला माणूस या खात्याला अजूनही ‘दारूबंदीवाले’ म्हणतो.

बंदीच्या काळात खेड्यांना मिळाली ती हातभट्टी. ती चालते कशी हे माहीत असल्याशिवाय गावांनी केलेला विरोध समजत नाही. ओढ्याच्या किंवा नदीच्या काठी, बाभळीच्या आडोशाला जागा निवडतात, कारण पाणी लागते आणि पळायला वाट लागते. काळा गूळ पाण्यात कालवून त्यात नवसागर टाकतात आणि ते पिंपात किंवा जमिनीत पुरलेल्या डब्यात काही दिवस कुजत ठेवतात. याला ‘रसायन’ म्हणतात. त्याचा आंबूस वास वाऱ्यावर दूरवर जातो. रसायन पिकले की पिंप चुलीवर चढते, वाफ नळीतून थंड पाण्याखालून जाते आणि थेंब थेंब दारू पडते. मग ती ट्रकच्या ट्यूबमध्ये भरून दुचाकीवरून गावात येते आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत विकली जाते. त्या पिशवीला ‘फुगा’ म्हणतात. पोलिसांच्या छाप्याच्या बातम्यांत ‘इतके लिटर रसायन जागीच नष्ट’ हे वाक्य हमखास असते. पिंप फुटते, रसायन जमिनीत मुरते, आणि काही दिवसांनी वरच्या अंगाला दुसरे पिंप लागते. भांडवल थोडे आणि नफा रोजचा, म्हणून ती उभी राहायला वेळ लागत नाही.

१९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांना पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत दिसल्या त्या याच भट्ट्या. बहात्तरच्या दुष्काळाने कणा मोडलेले गाव, शेताला पाणी नाही, आणि तीसहून अधिक भट्ट्या. पीक येत नव्हते तेव्हा भट्टी हेच काही घरांचे पीक होते. अण्णांनी स्वतःचे पैसे घालून यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि दारूबंदीचा निर्णय त्याच मंदिरात गावाने एकत्र बसून घेतला. बऱ्याच भट्टीवाल्यांनी आपणहून भट्ट्या मोडल्या, काहींच्या तरुण मंडळाने फोडल्या. पाणी अडवण्याची कामे सुरू झाली, रोजगार मिळू लागला, आणि भट्टी लावण्याची गरज हळूहळू कमी झाली. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री पुढे महाराष्ट्रभर गेली. एका होळीला गावातली विडी-सिगारेट आणि तंबाखू गोळा करून जाळण्यात आली.

राळेगणच्या गोष्टीत आणखी एक प्रसंग आहे, आणि तो वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुन्हा पुन्हा पिऊन येणाऱ्यांना मंदिरापुढच्या खांबाला बांधून पट्ट्याने मारले गेले. अण्णांनी ते कधी लपवले नाही. आई आजारी लेकराला कडू औषध पाजते तसे ते होते, असे त्यांचे समर्थन होते. ते समर्थन पटत नाही. व्यसनी माणूस आजारी असतो, आणि आजाऱ्याला चारचौघांत मार देण्याचा अधिकार गावाला नाही, मग गाव कितीही त्रासलेले असो. पण त्या खांबाची दुसरी बाजूही आहे. पोलीस ठाण्याला सांगून काही होत नाही, कचेरीत अर्ज देऊन काही होत नाही, ग्रामसभेच्या ठरावाला कायद्यात किंमत नाही. मग गावाच्या हातात उरते काय? तो खांब कायद्यातल्या एका रिकाम्या जागेत रोवलेला होता. पुढच्या तीस वर्षांतली सगळी धडपड ती जागा भरून काढण्याची होती.

नगर तालुक्यातल्या हिवरेबाजारने ती आपल्या पद्धतीने भरली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा गावात २२ भट्ट्या होत्या असे सांगतात. इथेही पाण्याचे काम आणि दारूबंदी जोडीने चालली. भट्टीवाल्याला दुसरा धंदा मिळाला तर बंदी टिकते, हे या दोन गावांनी दाखवून दिले. पण दोन्हीकडे एक मोठा आधार होता. सगळे गाव ज्याचे ऐकते असा एक माणूस तिथे होता. ज्या गावात असा माणूस नाही आणि ग्रामपंचायतीचे अर्धे सदस्य दुकानदाराच्या नात्यातले, त्या गावातल्या बायांनी काय करायचे?

त्या बायांनी ठराव केले. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी या ग्रामसभांच्या इतिवृत्तांत दारूबंदीचा ठराव इतक्या ठिकाणी सापडेल की मोजणाऱ्याने दमावे. त्यांनी दुकानावर मोर्चे नेले, बाटल्या फोडल्या, आणि त्यासाठी गुन्हेही अंगावर घेतले. या सगळ्या दडपणातून, अण्णांसह राज्यभरच्या कार्यकर्त्यांच्या पाठपुराव्यातून, मार्च २००८ मध्ये शासनाचा आदेश निघाला. गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी, सहीनिशी मागणी केली तर प्रशासनाने सह्यांची पडताळणी करायची आणि गुप्त मतदान घ्यायचे. आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते पडली की परवाना बंद. नव्या परवान्याआधी ग्रामसभेची संमती घेणे बंधनकारक झाले.

हा बदल केवढा मोठा होता ते १८७८ शेजारी ठेवून पाहावे. ठेकेदार आणि सरकार यांच्या करारात पहिल्यांदाच तिसरी सही आली, आणि तीही गावातल्या बाईची. पारनेर तालुक्यातल्याच निघोजमध्ये, कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात, महिलांनी मतदानाने परवान्याची दुकाने बंद पाडली. राळेगणपासून हे गाव फार लांब नाही. एका गावात मंदिरापुढचा खांब, दुसऱ्या गावात मतपेटी, आणि मध्ये चाळीस वर्षे. नगर जिल्ह्याच्या सार्वजनिक आयुष्यातला हा सगळ्यांत सुंदर प्रवास आहे असे म्हणायला हवे.

तरीही हा आदेश प्रत्यक्षात वापरायला अवघड आहे. पहिली अडचण सह्यांची. २५ टक्के ऐकायला थोडे वाटते, पण प्रत्येक सहीपुढे मतदार यादीतले नाव आणि अनुक्रमांक जुळावा लागतो. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, यादीत छापलेले तिसरेच. अंगठा असेल तर तो कुणाचा, हा प्रश्न. पडताळणीच्या दिवशी अधिकारी गावात येतात तेव्हा सही करणारीने समोर येऊन ‘ही माझीच’ म्हणायचे असते, आणि चावडीसमोर दुकानदार खुर्ची टाकून बसलेला असतो. मतदान गुप्त असते, पण अर्ज गुप्त नसतो. जाणत्या कार्यकर्त्या म्हणून पंचवीसच्या जागी पस्तीस-चाळीस टक्के सह्या गोळा करतात, म्हणजे दहा-पंधरा टक्के गळाल्या तरी अर्ज उभा राहतो.

दुसरी अडचण मोजणीची, आणि ती या जिल्ह्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. निम्म्याहून अधिक म्हणजे झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक नव्हे. मागणी महिलांची असेल तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक. समजा गावात १,००० महिला मतदार आहेत. त्यांतल्या ३०० बाहेरगावी गेल्या. उरलेल्या ७०० पैकी ६०० मतदानाला आल्या. ४८० जणींनी आडव्या बाटलीला मत दिले, १२० जणींनी उभ्या. आडवी बाटली चारपट मतांनी पुढे, आणि तरी दुकान उघडेच, कारण ५०१ पुरी झाली नाही. जी आली नाही तिचे मत उभ्या बाटलीच्या बाजूने धरले गेले, असाच त्याचा अर्थ. आमदार-खासदार निवडताना हा निकष नाही. दारूचे दुकान मात्र त्याहून भक्कम खुर्चीवर बसवले आहे.

आणि बाहेरगावी गेलेल्या त्या ३०० जणी कोण? पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे उसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली, मुले बरोबर किंवा आजीजवळ. पाच-सहा महिने फडावर पालात काढायचे. दारूचा सगळ्यांत जास्त जाच ज्यांना आहे, ज्यांच्या नवऱ्याची उचल दुकानात जाते, त्याच बाया मतदानाच्या वेळी गावात नसतात. हा निकष ज्यांनी लिहिला त्यांच्या डोळ्यांपुढे कोयत्याचे गाव नव्हते. कायद्यात दुरुस्ती मागायची तर पहिली मागणी हीच असायला हवी: मोजणी झालेल्या मतांवर करा, किंवा निदान टोळ्या गावी असतील तेव्हाच मतदान घ्या.

तिसरी अडचण आडव्या बाटलीच्या पलीकडची. मताने बंद होतो तो परवाना. भट्टीला परवाना नसतो, म्हणून भट्टी मताने बंद होत नाही. दुकान गेल्यावर ढाब्याच्या मागून, पानटपरीच्या फळीखालून विक्री सुरू झाल्याची तक्रार गावोगावी ऐकू येते. निवडून येण्याइतकी मते मिळवलेल्या बायांना मग रोज संध्याकाळी फोन फिरवत बसावे लागते.

यावर अण्णांनी मागणी केली ती ग्रामरक्षक दलाची. गावानेच निवडलेल्या माणसांनी अवैध दारूवर लक्ष ठेवायचे, खबर द्यायची, आणि त्यांच्या खबरीची दखल घेणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक करायचे. २०१६ च्या अखेरीस विधिमंडळाने दारूबंदी कायद्यात त्यासाठी दुरुस्ती केली आणि २०१७ मध्ये नियम आले. कायद्याच्या पुस्तकात राळेगणचा अनुभव उतरला तो असा. पट्टा आणि खांब गळून गेले, पहारा तेवढा राहिला.

दुरुस्ती आणि नियम यांच्या मधल्या दिवसांतच, फेब्रुवारी २०१७ मध्ये, नगर तालुक्यातल्या पांगरमलला जे घडले ते या जिल्ह्यातले लोक विसरणार नाहीत. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचे दिवस होते. प्रचाराच्या जेवणावळीत दारू वाटली गेली. ती बनावट होती. एकामागून एक माणसे दगावली, काहींची दृष्टी गेली. ही दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या उपाहारगृहात तयार झाली होती, असे पोलीस तपासात समोर आले. मतासाठी वाटलेल्या दारूने मतदारच मारले. ज्या जिल्ह्याने दारूवर मत देण्याचा हक्क मिळवायला एवढी वर्षे घातली, तिथे हे व्हावे याचे दुःख आकड्यांत सांगता येत नाही.

पांगरमलनंतर दोन्ही बाजूंचे लोक आपापला निष्कर्ष काढतात. एक म्हणतात, बंदी केली की असे विष येते. दुसरे म्हणतात, बंदी नीट राबवली नाही की असे विष येते. विदर्भाकडे पाहिले तर वाद आणखी गुंतागुंतीचा होतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर १९९३ मध्ये जिल्हाबंदी झाली, ती आजही आहे. चंद्रपूरमध्ये पारोमिता गोस्वामी आणि श्रमिक एल्गारच्या महिलांनी २०१० मध्ये चिमूरहून नागपूर अधिवेशनावर पायी मोर्चा नेला, आणि १ एप्रिल २०१५ पासून तिथेही बंदी आली. सहा वर्षांनी, मे २०२१ मध्ये, मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध विक्री आणि बुडालेला महसूल ही कारणे पुढे आली. एवढ्या बायांनी पायाचे तुकडे पडेतो चालून मिळवलेला निर्णय मुंबईतल्या एका बैठकीत पुसला गेला. जिल्हाबंदी वरून येते आणि वरूनच जाते. गावाच्या मताने बंद झालेले दुकान उघडायचे तर मात्र पुन्हा गावाशीच गाठ असते. नगरची वाट त्या दृष्टीने अधिक टिकाऊ वाटते.

दारूखेरीज दुसऱ्या नशेच्या पदार्थांबाबत मात्र नागरिकाला असे दारच नाही. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने गांजा-भांगेबद्दल आयोग नेमला तेव्हा त्याने १,१९३ साक्षी नोंदवल्या, आणि संपूर्ण बंदी घालू नये असा निष्कर्ष सात खंडांत मांडला. जवळपास शतकाने, १९८५ मध्ये, अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा झाला तेव्हा गावोगावच्या साक्षी काढण्याची अशी तसदी कुणी घेतली नाही. त्यातले बदल न्यायालयांतून आणि रुग्णांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या लोकांकडून आले. जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, एका संस्थेच्या याचिकेवर, या कायद्यातली सक्तीची फाशी घटनेत बसत नाही असा निर्णय दिला. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला मॉर्फीन मिळणे या कायद्याच्या कागदपत्रांमुळे दुरापास्त झाले होते. वेदनाशामक उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २०१४ ची दुरुस्ती झाली. जिल्ह्याच्या गावी ज्याच्या घरात असा रुग्ण आहे त्याला या दुरुस्तीचा अर्थ रात्री दोन वाजता कळतो.

अशा लढाईला किंमत पडते. अकोले तालुक्यात अवैध दारूविरोधात वर्षानुवर्षे लिहिणारे आणि अर्ज करणारे शिक्षक-लेखक हेरंब कुलकर्णी यांच्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये नगर शहरात हल्ला झाला. ते मुख्याध्यापक असलेल्या शाळेजवळच्या टपऱ्या हटवाव्यात म्हणून त्यांनी त्याआधी तक्रार केली होती. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकू नये हा कायदा २००३ पासून पुस्तकात आहे. एका मुख्याध्यापकाने तो वाचून दाखवला, एवढेच.

या सगळ्यात सामान्य माणसाच्या हाती पडलेली साधने फार नाहीत, पण ती कामाची आहेत. माहितीचा अधिकार त्यांतले पहिले. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा, आणि महाराष्ट्राच्या कायद्यामागे अण्णांची आंदोलने आहेत. दुकानाच्या परवान्याची फाइल, ग्रामसभेच्या संमतीचा कागद, पडताळणीत किती सह्या बाद झाल्या आणि का, हे सगळे दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. बनावट ग्रामसभा दाखवून संमती घेतली असेल तर ती तिथेच उघडी पडते. दुसरे साधन हरकतीचे. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचे ठरवले. अण्णांनी १४ फेब्रुवारीपासून उपोषणाची घोषणा केली, राळेगणची ग्रामसभा भरली, आणि लोकांचे म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय अमलात आणणार नाही असे सरकारला सांगावे लागले. नियमांचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला होतो तेव्हा पोस्टकार्डालाही वजन येते. मार्च २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत जाहीर केले की गृहनिर्माण सोसायटीत नवे दारूचे दुकान काढायचे तर सोसायटीचे ना हरकत पत्र लागेल. जे गावातल्या ग्रामसभेने आधी मिळवले, ते शहरातल्या फ्लॅटवाल्यांना नंतर मिळाले.

राहिली ती कोयत्याच्या गावांची गोष्ट. कारखान्यांचे पट्टे पडले की मार्च-एप्रिलमध्ये ट्रॅक्टर आणि बैलगाड्या पाथर्डीच्या घाटाने गावी परततात. पत्र्याची पेटी उतरते, घराचे कुलूप निघते, यात्रा-जत्रा सुरू होतात, आणि दुकानासमोरची गर्दी दुप्पट होते, कारण हिशेबाचे पैसे हातात असतात. पुढचे पाच-सहा महिने यादीतल्या सगळ्या बाया गावात असतात. मतदार यादीची प्रत तहसीलमधून आणून वस्तीवस्तीने सह्या घ्यायला सुरुवात केली तर पडताळणी पावसाळ्यात होऊ शकते आणि मतदान दसऱ्याच्या आत. त्यानंतर मुकादम उचलीचे पैसे घेऊन दारात उभा राहतो.